रोवणीच्या दिवसांतलं धुणं

आम्ही सानगडीच्या बचत गटातल्या बाया. मागच्या रोवणीत आमच्या बैठकीला निम्म्या जणी आल्याच नाहीत. विचारलं तर एकच उत्तर, "धुणं पडलं होतं ताई." दिवसभर बांधीत वाकायचं, घरी येऊन चूल पेटवायची आणि रात्री नऊला पोरांचे गणवेश घासत बसायचं. म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही धुण्यावरच बोललो. कर्जाचा हिशेब नंतर केला.

आधी चिखल. चिखलाच्या लुगड्याला आपण सरळ साबण लावतो आणि अर्धी वडी मातीतच जाते. चिखल ओला असेल तर आधी साध्या पाण्यात दोनदा खंगाळा. वाळला असेल तर झटकून, ब्रशनं पाडा. मग साबण लावा आणि अर्धा तास भिजू द्या. तेवढ्यात भात शिजतो, आणि घासायचं कामही कमी होतं.

बोअरच्या जड पाण्यात वडीला फेस येत नाही. त्यातले क्षार साबणाशी जुळून चिकट साका होतो, तोच कपड्यावर बसतो आणि पांढरा सदरा मळकट दिसू लागतो. आपण म्हणतो साबण खराब! पावसाळ्यात कवेलूवरून गळणारं पाणी मात्र हलकं असतं. पहिल्या एक-दोन पावसांची धूळ वाहून जाऊ द्या, मग वळचणीखाली बादल्या मांडा. साबण कमी लागतो, हे आमच्या हातांनी बघितलं आहे.

वरणाच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. घाबरू नका. साबणातल्या खारानं हळद लाल होते, खंगाळलं की परत पिवळी. उरलेला पिवळेपणा उन्हात उडतो. रक्ताच्या डागाला मात्र गरम पाणी लावायचं नाही, तो पक्का बसतो. थंड पाण्यातच काढायचा. पाळीच्या कपड्यांचंही तसंच. आणि ते दुसऱ्या कपड्यांखाली लपवून वाळवतो ना आपण? दमट राहतात, मग खाज सुटते. लाजेपायी दुखणं कशाला घ्यायचं? उघड्या उन्हात टाका.

झडीत ऊन नसतं. तेव्हा कपडा कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळायचा आणि छपरीत, वारा लागेल असा, सुटा टांगायचा. दमट चड्ड्या घालून पोरांच्या जांघेत नायटा होतो. ज्याला नायटा आहे त्याचे कपडे आणि टॉवेल वेगळे, गरम पाण्यात धुवा.

आता खरं भांडण. पोरांनी काय करायचं? सहा वर्षांचं लेकरू खिसे रिकामे करून कपडे बादलीत टाकू शकतं. दहा वर्षांचा मुलगा आपले मोजे, बनियान धुऊ शकतो. मुलगा, हो! आमच्या एका सदस्येच्या सासूबाई चिडल्या, "पोराले धुणं लावता?" आम्ही म्हटलं, आजी, गाडगेबाबा आपल्या विदर्भातलेच, १८७६ साली शेंडगावला परिटाच्या घरी जन्मले. हातात खराटा घेऊन त्यांनी गावंच्या गावं झाडली. त्यांना कधी कमीपणा आला का?

आजी काही बोलल्या नाहीत. आठ दिवसांनी आम्ही त्यांच्याकडे गेलो, तर नातू मोजे धूत होता आणि आजी ओट्यावरून ओरडत होत्या, "अरे, नीट पिळ ना, पानी गळून राहिलं!"