शिक्षिकांची कैवारीण : मार्गारेट हेली

शिक्षकानें पगाराचा विषय काढला कीं सभ्य गृहस्थांच्या कपाळाला आठी पडते. शिक्षिकेनें काढला तर बोलावयासच नको. १८९७ सालच्या शिकागो शहरांत असाच प्रकार होता. तेथील प्राथमिक शाळा बव्हंशीं स्त्रियाच चालवीत, परंतु मोठ्या पगाराच्या जागा पुरुषांकडे असत. आणि कायदेमंडळाच्या निवडणुकींत या स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. त्या वर्षीं त्यांनीं ‘शिकागो टीचर्स फेडरेशन’ हा संघ काढला. मार्गारेट हेली हें नांव पुढें त्याच्याशीं कायमचें जोडलें गेलें.

बाईंचा जन्म १८६१ चा, इलिनॉय संस्थानांतील जोलिएट येथला. सोळाव्या वर्षापासून शिकविण्याच्या कामांत असलेल्या या बाई शिकागोच्या कत्तलखान्यांजवळील गरीब वस्तींत सहावीचा वर्ग घेत.

शाळामंडळानें पगारवाढ कबूल केली, आणि तिजोरींत खडखडाट आहे या सबबीवर ती परत घेतली. अशा वेळीं नम्र अर्ज करावयाचा, ही शिक्षकांची जुनी चाल. हेलीबाईंनीं निराळाच प्रश्न विचारला : तिजोरी रिकामी कां ? १९०० सालीं त्यांनीं वर्ग सोडून संघाचें काम पत्करलें, आणि सहकारिणी कॅथरीन गॉगिन यांच्यासह त्या कराचीं दप्तरें चाळावयास बसल्या.

उत्तर सांपडलें तें असें. गॅस, वीज, टेलिफोन व ट्राम यांच्या कंपन्या सार्वजनिक रस्ते वापरीत. रस्त्याखालून नळ नेण्याची, रस्त्यावर रूळ टाकण्याची जी परवानगी त्यांना मिळाली होती, तीच त्यांची खरी दौलत. कायद्याप्रमाणें तिच्या किंमतीवर कर बसावयास पाहिजे होता. पण तो आकारलाच जात नव्हता. १९०१ मध्यें इलिनॉयच्या वरिष्ठ न्यायालयानें कर आकारण्याचा हुकूम दिला. फेडरल कोर्टानें पुढें रक्कम कमी केली, तरी पैसा आला; मात्र मंडळानें तो इतर खर्चाकडे वळविला ! पुन्हां फिर्याद. १९०४ मध्यें न्यायाधीश एडवर्ड डन यांनीं शिक्षिकांच्या बाजूनें निकाल दिला.

मध्यंतरीं, १९०२ मध्यें, संघ शहरांतील कामगार संघटनेस जोडला गेला. सुशिक्षित स्त्रियांनीं मजुरांच्या पंक्तीस बसावें, याचा पुष्कळांना विषाद वाटला. पण हिशेब सरळ होता : मत शिक्षिकांना नव्हतें, कामगारांना होतें.

उलट तडाखाहि बसला. १९१५ मध्यें मंडळाचे जेकब लोब यांच्या नांवानें ओळखला जाणारा नियम आला : अशा संघटनेचा सभासद असणाऱ्यास नोकरी नाहीं. १९१६ मध्यें ६८ शिक्षकांना पुन्हां नेमणूक मिळाली नाहीं. १९१७ मध्यें न्यायालयानें मंडळाची बाजू उचलून धरली, आणि संघास कामगारांशीं असलेलें नातें तोडावें लागलें. त्याच वर्षीं एका कायद्यानें मात्र उमेदवारी संपलेल्या शिक्षकांच्या नोकरीस संरक्षण मिळालें.

बाईंचा एक हट्ट टीकेस पात्र ठरतो. १९३७ मध्यें शिकागोंतील शिक्षकांचे निरनिराळे संघ एक झाले, तेव्हां त्यांचा संघ बाहेरच राहिला. पुरुषांच्या गर्दींत प्राथमिक शिक्षिकांचें गाऱ्हाणें दबून जाईल, असें भय बाळगण्यास कारण होतें, हें खरें. परंतु तोंवर एकट्यानें लढण्याचें बळ या संघांत उरलें नव्हतें. १९३९ च्या जानेवारींत हेलीबाई वारल्या. त्यांनीं लिहून ठेवलेलें आत्मवृत्त छापून निघावयास १९८२ साल उजाडावें लागलें.