'विकवत नाही' म्हणजे काय?



तुमच्या सोसायटीच्या आवारात, नाहीतर सेक्टरच्या रस्त्याकडेला अशी एखादी गाडी उभी आहे का, जरा आठवून पाहा. टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर आणि त्या धुळीत कुणीतरी बोटाने काढलेलं हसरं तोंड. पावसाळ्यात तिच्या टपावर शेवाळ धरतं. तिच्याखाली मांजरीची पिल्लं वाढतात. वॉचमनकाकांना विचारलं, "ही कुणाची हो?" तर ते सांगतात, "त्या अमक्या काकांची. चालत नाही, पण विकवत नाही त्यांना."

विकवत नाही! आपल्या मराठीतला हा शब्द किती नेमका आहे बघा. काकांना गाडी विकता येत नाही, असं मुळीच नाही. गिऱ्हाईक मिळेल, पैसेही मिळतील. पण विकायला त्यांचा हात होत नाही. मन आडवं येतं. आज आपण या 'विकवत नाही'बद्दल बोलणार आहोत.

मागच्या वर्षी आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगी डोळे लाल करून आली. बाकीच्यांनी लगेच बातमी दिली, "बाई, हिची गाडी भंगारात दिली म्हणून ही रडतेय!" आणि वर्ग खो-खो हसला. एकजण म्हणाला, "गाडी काय माणूस आहे का? लोखंडाला काय कळतं?"

प्रश्न मला आवडला. मी तो फळ्यावर लिहिला आणि म्हटलं, "आज गणिताच्या आधी हाच तास." मग काय, हात वर व्हायला लागले. कुणाची तीनचाकी सायकल गावी देऊन टाकली होती. कुणाच्या आजीचं शिलाई मशीन गेलं होतं. ती मुलगी मात्र गप्प होती. शेवटी म्हणाली, "बाई, मी जन्मले तेव्हा दवाखान्यातून मला त्याच गाडीतून घरी आणलं होतं." वर्गातलं हसू आपोआप थांबलं. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे आजोबा मुंबईत टॅक्सी चालवायचे. तो म्हणाला, "आमच्या आजोबांची पद्मिनी गेली, त्या दिवशी ते जेवले नव्हते."

पद्मिनी म्हणजे कोण, हे वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊकच नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे? नसेल तर ऐका.

कुर्ल्याची पद्मिनी

आपल्या सोलापूरला १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद हे मोठे धाडसी उद्योगपती. देशात जहाजं, विमानं आणि मोटारी तयार झाल्या पाहिजेत, असा त्यांनी ध्यास घेतला होता. त्यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि कुर्ल्यातून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यातल्या १९५०च्या दशकातल्या एका गोल गरगरीत गाडीला लोक काय म्हणायचे माहीत आहे? 'डुक्कर फियाट'! नाव ठेवायचं तर मुंबईकरांनीच.

१९६४ साली नवी, चौकोनी घाटाची फियाट आली. दहा वर्षांनी, १९७४ मध्ये, तिचं नाव झालं 'प्रीमिअर पद्मिनी'. चितोडच्या राणी पद्मिनीवरून ते ठेवलेलं. कागदावर पद्मिनी असली, तरी लोकांच्या तोंडी ती 'फियाट'च राहिली. तिचा गिअर आताच्या गाड्यांसारखा खाली नसायचा, स्टिअरिंगच्या दांड्याला असायचा. त्यामुळे पुढची सीट बाकासारखी सलग. खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यात एक छोटी त्रिकोणी काच असायची. ती फिरवली की वारा थेट तोंडावर! थंडीत इंजिन सुरू होईना, तर 'चोक'ची खुंटी ओढायची.

कलकत्त्याच्या टॅक्स्या म्हणजे अँबॅसॅडर, तशा मुंबईच्या टॅक्स्या म्हणजे पद्मिनी. अंग काळं, टप पिवळा, टपावर सामानाचं कॅरिअर आणि पुढे बाहेरच्या अंगाला मीटर. प्रवासी बसला की चालक हात बाहेर काढून तो मीटर खाली पाडायचा. 'मीटर डाऊन' हा शब्द त्यावरूनच आला.

आता म्हणाल, बाई, यात आपली नवी मुंबई कुठे आली? सांगते. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली १९७० साली. ठाण्याच्या खाडीवरचा वाशीचा पहिला पूल १९७३ मध्ये सुरू झाला. पण रेल्वे खाडी ओलांडून वाशीला आली ती थेट मे १९९२मध्ये! मधली जवळजवळ एकोणीस वर्षं इथल्या लोकांचा भरवसा रस्त्यावरच होता. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जायचं, दादरला लग्नाला जायचं, मध्यरात्री पाहुण्यांना स्टेशनवर सोडायचं, तर बस, टॅक्सी किंवा कुणाची तरी फियाट. म्हणून इथल्या जुन्या माणसांपुढे गाडीचा विषय काढा, गाडीबरोबर खाडीचा वारा आणि पूल निघालाच म्हणून समजा.

कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी तयार होणं २००१च्या सुमारास थांबलं. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी नोंदवली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी, ताडदेवच्या आरटीओत. टॅक्सीचं वय वीस वर्षांपेक्षा जास्त नको, असा मुंबईत नियम आहे. वजाबाकी करा पाहू! बरोबर. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनीची टॅक्सी धावत नाही. काळा-पिवळा रंग राहिला, गाडी बदलली. पुढे अडीच महिन्यांनी, १२ जानेवारी २०२४ला, मुंबईहून आपल्याकडे येणाऱ्या अटल सेतूचं उद्घाटन झालं. पद्मिनी टॅक्सीला तो पाहायचा योग आला नाही.

निदान एक तरी पद्मिनी टॅक्सी जपून ठेवा, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती. कितीतरी लोकांनी आठवणी लिहिल्या, फोटो छापून आले. लोखंडासाठी एवढं सगळं?

मन असं का करतं?

याचा थोडा अभ्यास झालेला आहे, बरं का. डॅनियल कानेमन आणि रिचर्ड थेलर हे दोन मोठे अभ्यासक. पुढे दोघांनाही वेगवेगळ्या वर्षी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेले काही प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचा एकेक मग दिला आणि विचारलं, "केवढ्याला विकाल?" उरलेल्यांना विचारलं, "हाच मग केवढ्याला घ्याल?" मग सगळे सारखे. पण ज्यांच्या हातात मग होता, त्यांनी घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त किंमत सांगितली! मग हातात येऊन थोडाच वेळ झाला होता, तरी तो 'माझा' झाला होता.

मग विचार करा, जी गाडी पंधरा वर्षं 'माझी' आहे तिचं काय? गिऱ्हाईक टायर बघतो, पत्र्यावरचा गंज बघतो आणि भाव पाडतो. बाबांना मात्र त्याच पत्र्यावर गणपतीपुळ्याची पहिली सहल दिसते. भाव जुळणार कसा?

दुसरं कारण नाकाशी आहे. वासाची बातमी मेंदूच्या ज्या भागात पोचते, त्याच्या अगदी शेजारी आठवणी आणि भावना सांभाळणारे भाग आहेत. त्यामुळे तापलेल्या रेक्झिनचा, पेट्रोलचा, डॅशबोर्डवरच्या सुकलेल्या सोनचाफ्याचा वास आला की ती सगळी सहल एकदम समोर उभी राहते.

आणि तिसरं कारण तर आपल्या घरातच आहे. दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. शेतकरी पोळ्याला बैल सजवतो. आपल्या दिवाळे गावचे कोळी नारळी पौर्णिमेला होड्या सजवतात. जपानमध्ये तर मोडलेल्या शिवणाच्या सुयांचाही निरोपसमारंभ असतो. वर्षभर टणक कापडात शिरून शिरून सुई दमली, म्हणून तिला शेवटी मऊ टोफूत, म्हणजे सोयाबीनच्या पनीरसारख्या पदार्थात, खोचून ठेवतात. जी वस्तू आपल्यासाठी राबते तिला 'नुसती वस्तू' म्हणणं माणसाला जमत नाही. हे जगभर आहे.

तेव्हा लोखंडाला काही कळत नाही, हे त्या मुलाचं म्हणणं खरंच आहे. पण माणसाला कळतं ना! रडू येतं ते गाडीतल्या आपल्या दिवसांसाठी.

पण आजोबा काय म्हणाले?

आता नाण्याची दुसरी बाजू. त्या मुलाला मी सांगितलं, "आजोबांना विचारून ये, पद्मिनी पुन्हा मिळाली तर चालवाल का?" दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "नाही म्हणाले, बाई!" आणि कारणंही त्याने वहीत लिहून आणली होती: उन्हाळ्यात इंजिन तापायचं. क्लच दाबून दाबून पाय भरून यायचा. कंपनी बंद, मग सुटे भाग मिळायचे नाहीत. गाडी गॅरेजमध्ये, म्हणजे त्या दिवशी कमाई शून्य.

पाहिलंत? मागच्या सीटवर बसून गेलेल्यांना हळहळ वाटणं सोपं असतं. पुढच्या सीटवर बसून ज्याने पोट भरलं, मुलांच्या फिया भरल्या, त्याला हळहळही वाटते आणि सुटल्यासारखंही वाटतं. दोन्ही एकदम! त्या दिवशी जेवले नाहीत ते आजोबा आणि पुन्हा नको म्हणणारेही तेच आजोबा. यात खोटं काहीच नाही.

जुनी गाडी धूरही जास्त सोडते. तो धूर तुमच्या-आमच्याच छातीत जातो. नुसती उभी ठेवली, तर तिच्यात पाणी साचून डास होतात आणि जागाही अडते. 'विकवत नाही' म्हणून तिला रस्त्यावर सडू देणं हे काही प्रेम नव्हे. हार घातलेली गाडी अशी कुजताना बघवते का?

प्रत्येक गाडी जपून ठेवता येत नाही, हेही खरं. देशातल्या पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते मिळाली. २०१०मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ती गाडी त्यांनी सोडली नाही. पुढे ती दुरुस्त करून कंपनीच्या मुख्यालयात ठेवली गेली. पण ती पहिली होती. आपल्या गाडीसाठी कोण संग्रहालय काढणार? ते काम आपल्यालाच करायला हवं, आणि त्याला पार्किंगची जागा लागत नाही. कसं ते सांगतेच. आधी गाडी जाते कुठे ते पाहू.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर तपासणीत उतरली तर पाच-पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. ज्या गाडीचं आयुष्य संपलं तिच्यासाठी २०२१मध्ये केंद्र सरकारने नियम केले. त्यानुसार नोंदणीकृत केंद्रावर गाडी दिली की तसं प्रमाणपत्र मिळतं आणि नव्या गाडीच्या करात सवलतही. तिथे आधी बॅटरी काढतात, कारण तिच्यात शिसं आणि आम्ल असतं. मग ऑईल, टायर, काचा, तांब्याच्या तारा. उरतो पत्रा आणि सांगाडा. तो दाबून भट्टीत वितळवतात. खाणीतल्या कच्च्या धातूपासून पोलाद करण्यापेक्षा याला ऊर्जा बरीच कमी लागते. कुणी सांगावं, उद्या कळंबोलीच्या लोखंड बाजारातून निघालेल्या ट्रकमधल्या सळयांत एखादी जुनी पद्मिनीही असेल, आणि त्या सळया एखाद्या शाळेच्या भिंतीत जातील!

निरोप कसा द्यायचा?

तुमच्या घरची गाडी, स्कूटर किंवा सायकल जायची असेल, तर एवढं करा:

१. ती जायच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून धुवा. सीटखाली हात घाला. हरवलेलं खोडरबर, जुनं तिकीट, एखादा रुपया नक्की सापडेल.

२. घरातल्या प्रत्येकाचा तिच्याबरोबर एक फोटो काढा. कुणाला आवडती जागा असेल, तर त्याच जागेवर बसवून.

३. एक वही करा. गाडी कधी घेतली, केवढ्याला, पहिल्यांदा कुठे गेली, कुठे बंद पडली आणि कुणी धक्का मारला, हे सगळं आई-बाबांना आणि आजी-आजोबांना विचारून लिहा. आपलं संग्रहालय म्हणजे ही वही.

४. घरात कुणाचे डोळे भरून आले, तर हसू नका. आणि कुणी "बरं झालं गेली" म्हणालं, तर त्यांच्यावर रागावूही नका.

५. गाडी कुठे जाते आहे ते विचारा. कागदपत्रं नीट झाली का, नोंदणी रद्द झाली का, याची बाबांना आठवण करा. हे आपलं शेवटचं कर्तव्य.

आमच्या वर्गातल्या त्या मुलीनेही अशी वही केली. पहिल्या पानावर गाडीचं चित्र आहे आणि दवाखान्यातून घरी येणारं इवलंसं बाळ. ते बाळ तिने खिडकीतून हात हलवताना काढलंय! एवढंसं बाळ हात कसा हलवेल, असं कुणीतरी विचारलंच. ती म्हणाली, "गाडीला माहीत होतं ना!"

तुमची वही तयार झाली की वर्गात वाचून दाखवा. आणि हो, निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. गाडीला निरोप देतानाही तेच म्हणा.