छत्तीस गुण आणि सहा इंच

लग्नाच्या पत्रिकेत छत्तीसपैकी अठरा गुण जुळले की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. अमेरिकेत पिकअप ट्रक आणि ‘फिफ्थ व्हील’ ट्रेलरचं लग्न लावताना मात्र फिफ्टी पर्सेंटवर कुणी पास होत नाही. तिथे वजन जुळावं लागतं, ताकद जुळावी लागते आणि हे सगळं जुळूनही एक गुण शेवटपर्यंत छळतो. तो म्हणजे उंची!

आधी थोडा फंडा क्लिअर करून घेऊ. गाडीच्या मागे हुक लावून ओढतात ते साधं ट्रॅव्हल ट्रेलर. फिफ्थ व्हीलचा प्रकार वेगळा. त्याचं नाक पुढे आलेलं असतं आणि ते थेट पिकअपच्या हौद्यावर येऊन बसतं. नाकाखाली दोन इंच जाडीची एक पोलादी खुंटी असते, किंगपिन. हौद्यात मागच्या अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे एक जाड प्लेट बसवलेली असते. प्लेटच्या जबड्यात खुंटी अडकली की झाली जोडी. न्हावाशेवाच्या रस्त्यावर कंटेनर ओढणारे ट्रेलर बघितले असतीलच, तीच आयडिया. फक्त कंटेनरच्या जागी बेडरूम, किचन, बाथरूम असं अख्खं वन बीएचके! नावातलं पाचवं चाक शोधत बसू नका. घोडागाडीच्या जमान्यात पुढचा अ‍ॅक्सल वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं गोल कडं बसवायचे. चार चाकं खाली, हे पाचवं. घोडे गेले, नाव राहिलं.

वजन मागच्या चाकांच्या डोक्यावर पडत असल्याने ट्रेलर कमी डोलतो, वळतोही छान. म्हणून मोठं घर ओढायचं तर लोक फिफ्थ व्हीलच घेतात. २०२१ साली अमेरिकेतल्या कारखान्यांतून सहा लाखांहून जास्त आरव्ही बाहेर पडल्या, तो रेकॉर्डच होता. लॅपटॉप उघडला तिथे ऑफिस, हे एकदा कळल्यावर माणसं घरात कशाला बसतील?

माझी डॅलसजवळ राहणारी मामेबहीण आणि जिजू त्याच लाटेतले. दोघंही आयटीत, दोघंही घरून काम करणारे. ट्रक होता नवाकोरा, फोर बाय फोर, थ्री क्वार्टर टन. ट्रेलर घेतला जुना, नव्वदच्या दशकातला, अठ्ठावीस फुटी. आतून एकदम मस्त, लाकडी कपाटं वगैरे. विकणारा डीलर म्हणाला, हा ट्रक तर याला खेळण्यासारखा ओढेल. ओढण्याबद्दल त्याचं खरंच होतं म्हणा. गेल्या वर्षी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ड्राइव्ह वेमध्ये दोघं शेजारी शेजारी उभे होते. ताई टेप घेऊन मोजत होती आणि जिजू फोनवर कॅल्क्युलेटर उघडून गप्प उभे होते.

आकडेच तसे होते. ट्रकच्या हौद्याची कड जमिनीपासून ५९ इंचांवर, म्हणजे पाच फुटांना एकच इंच कमी. ट्रेलर पाणसळ लावून सरळ उभा केला तर त्याच्या नाकाची खालची बाजू ५८ इंचांवर. म्हणजे नाक कडेच्याही एक इंच खाली! ट्रेलर जोडला की त्याच्या वजनाने ट्रकचा मागचा भाग दोनेक इंच दबतो, हा हिशोब धरला तरी कड आणि नाक यांच्यात फट उरते जेमतेम एक इंच. जाणकारांचा नियम सांगतो, किमान साडेपाच ते सहा इंच हवेत.

इतके कशाला? सपाट हायवेवर एक इंचही पुरतो. पण रस्ता सपाट नसतो. ट्रक चढ ओलांडून उतरायला लागतो तेव्हा ट्रेलर मागे अजून चढावरच असतो. त्या क्षणी हौद्याचा मागचा भाग वर उठतो आणि ट्रेलरचं पोट खाली येतं. त्याहून वाईट म्हणजे पेट्रोल पंपातून रस्त्यावर तिरकं उतरणं. ट्रकचं एक चाक खाली गेलं की ट्रक एका बाजूला कलतो, दुसरीकडची कड वर येते आणि तिथे ट्रेलर टेकतो. टेकतो म्हणजे काय, काही टनांचं घर पत्र्यावर बसतं. हौद्याची कड चेपते, ट्रेलरच्या नाकाखालची फ्रेम वाकू शकते.

बरं, हे दोघं मुळात जुळत का नव्हते? तर वयातलं अंतर! नव्वदच्या दशकातले बरेच ट्रेलर टू व्हील ड्राइव्हवाल्या बुटक्या ट्रक्सना धरून बनलेले. मग फोर बाय फोरची क्रेझ आली, ट्रक वर उचलले गेले, हौद्यांच्या भिंतीही उंच झाल्या. आता हेवी ड्यूटी ट्रकच्या हौद्यात काय ठेवलंय ते बघायला सरासरी उंचीच्या माणसाला टाचा उंचवाव्या लागतात. मला तर पायरी लागली. जुना ट्रेलर आणि नवा ट्रक ही जोडी म्हणूनच सगळ्यात जास्त भांडते.

उपाय काय? पहिला उपाय कुणालाही सुचेल असा. हौद्यातल्या प्लेटची उंची कमी-जास्त करायला भोकं दिलेली असतात, किंगपिनच्या पेटीलाही असतात. प्लेट वर घ्या किंवा पेटी खाली सरकवा, नाक आपोआप वर जातं. फट मिळाली, प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड! एक-दोन इंचांचा प्रश्न असेल तर खरंच सॉल्व्ह्ड, बरेच लोक तेवढ्यावर भागवतात. पण इथे नाक पाच इंच वर जाणार होतं. मग ट्रेलर मागे रेललेला राहतो. त्याच्या दोन अ‍ॅक्सलपैकी मागच्यावर जास्त भार, पुढच्यावर कमी. दोन्हींमधला झुलता दांडा हा फरक थोडाफार वाटून घेतो, पण त्याचीही लिमिट असते. मागचे टायर तापतात, पुढची चाकं ब्रेक मारल्यावर लवकर घसरतात. टेक्सासच्या उन्हाळ्यात तापलेला टायर कधी फुटेल याचा भरवसा नाही. शिवाय ट्रेलरचं शेपूट प्रत्येक गतिरोधकावर घासणार ते वेगळंच.

दुसरा उपाय ट्रकच खाली आणायचा. मागच्या पाट्यांखालचे ठोकळे काढून तसं करतात काही जण. जिजूंनी याला साफ नकार दिला. नवा ट्रक आणि त्याला खुजा करायचा? (पुरुष आणि पिकअप यांच्यातलं नातं हा खरं तर वेगळ्या लेखाचा विषय आहे.) पण इगो बाजूला ठेवला तरी त्यांचं चूक नव्हतं. मागची बाजू आधीच भाराने दबणार, त्यात आणखी खाली नेली की ट्रकचं तोंड आकाशाकडे, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत आणि पुढच्या चाकांवरचा भार कमी. स्टीअरिंग हलकं लागायला लागतं, ते चांगलं लक्षण नाही.

उरला तिसरा, ट्रेलरच उचलायचा. या ट्रेलरचे अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर बसवलेले होते. ते पाट्यांच्या खाली घेतले की ट्रेलर अख्खाच्या अख्खा पाच-सहा इंच उंच होतो. याला तिकडे ‘अ‍ॅक्सल फ्लिप’ म्हणतात. नाव मात्र सरळ दिशाभूल करणारं. अ‍ॅक्सल पालथा करायचाच नसतो! त्याला मुद्दाम थोडा बाक दिलेला असतो. पालथा केला तर चाकं वाकडी चालतील आणि टायर एका बाजूने खाऊन जातील. अ‍ॅक्सल तसाच ठेवून, पाटे टेकायला त्याच्या वरच्या अंगाला नव्या बैठका वेल्ड करायच्या. हे घरच्या घरी करायचं काम नव्हे. ताईने यूट्यूब बघून ‘जमेल की’ म्हटलं होतं, पण शेवटी ट्रेलर वेल्डरकडे गेला.

फ्लिपने बरोबर पाच इंच मिळाले. ५८ चे ६३ झाले. दबलेल्या ट्रकची कड ५७ वर. मधे सहा इंच, आणि पाणसळीतला बुडबुडा मधोमध. जिजूंनी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. पुण्यातल्या कुणालाच काही कळलं नाही, तरी सगळ्यांनी अंगठे दिले.

पण उंची फुकट मिळत नसते. ट्रेलर १२ फूट २ इंच होता, तो १२ फूट ७ इंच झाला. वाहनांची उंचीची मर्यादा बहुतेक राज्यांत १३ फूट ६ इंच, टेक्साससारख्या काही राज्यांत १४. म्हणजे कायद्यात बसलं. पण सगळे पूल कायदा वाचून बांधलेले नाहीत. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम शहरात एक रेल्वेचा पूल आहे, ११ फूट ८ इंचांचा म्हणून जगप्रसिद्ध. त्याने इतक्या ट्रक्सची टपं सोलली की लोक त्याला ‘कॅन ओपनर’ म्हणायला लागले. २०१९ मध्ये तो आठ इंच उचलून १२ फूट ४ इंच केला. ताईचा ट्रेलर फ्लिपच्या आधी त्याच्याखालून दोन इंचांनी निसटला असता, आता त्याचं टप सोललं जाईल. आता डॅशबोर्डवर स्केचपेनने उंची लिहिलेला कागद चिकटवलाय.

दुसरी किंमत मामींनी मोजली. त्या सहा महिन्यांसाठी लेकीकडे आल्या होत्या आणि ट्रेलरची सगळ्यात खालची पायरीही पाच इंच वर गेली होती. गुडघे आधीच कुरकुरणारे. दुकानात घडीची पायरी मिळते, पण ती येईपर्यंत ताईने देवघरातला चौरंग काढून दारात ठेवला. मामींना आधी ते अजिबात पटलं नाही, देवाच्या चौरंगावर पाय कसा द्यायचा? मग त्यावर जुनं सतरंजीचं कापड घालून, हात जोडून, चढल्या.

उंची जुळली म्हणजे सगळं जुळलं असंही नाही. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनापैकी साधारण पंधरा ते पंचवीस टक्के भार थेट हौद्यात येतो. यांचा ट्रेलर सामानासकट ९,००० पाउंड, म्हणजे ४,१०० किलोच्या आसपास. त्यातले ८०० किलो ट्रकच्या पाठीवर. त्यात माणसं, प्लेट, मामींच्या बॅगा. जाहिरातीत किती ओढतो ते मोठ्ठ्या अक्षरात छापतात, पण पाठीवर किती पेलतो ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एका छोट्या स्टिकरवर असतं. अनेकांची जोडी मोडते ती तिथेच.

आणि जोडताना? प्लेट किंगपिनच्या पेटीच्या तळापेक्षा अर्धा-एक इंच वर हवी, म्हणजे ट्रेलर तिच्यावर घासत चढतो आणि खुंटी जबड्यात नीट बसते. ट्रेलर जास्त उंच राहिला तर खुंटी जबड्याच्या वरच्या वरच टेकते. वरवर बघून जोडल्यासारखं वाटतं. पुढे निघालात की घर धाडकन हौद्याच्या कडांवर! म्हणून जबडा लागला का ते टॉर्च मारून बघायचं, मग ट्रेलरचे पाय जमिनीला जेमतेम टेकलेले असताना त्याचे ब्रेक दाबून ट्रकला हलकासा हिसका द्यायचा. हौद्याचा मागचा फाळका उघडायचा की बंद ठेवायचा हेही लक्षात ठेवायचं. सोडवून निघताना फाळका पाडायला विसरलेल्यांचे फाळके भंगारात भरपूर मिळतात.

पहिली ट्रिप त्यांनी जवळच्याच एका तळ्याकाठच्या पार्कला केली, मीही होते. वाटेत तीनदा थांबून ताईने टायरना हात लावून बघितला, मागचे आणि पुढचे सारखेच कोमट. पार्कच्या गेटपाशी रस्ता तिरका उतरत होता. जिजूंनी काच खाली केली, ताई उतरून हौद्याच्या कडेला उभी राहिली आणि ट्रक पायाच्या वेगाने पुढे सरकला. उजवीकडची कड वर आली, फट सहाची चार झाली, मग तीन. ताईने हात वर केला, तसाच धरून ठेवला आणि पुढे या म्हणून हलवला. मागच्या सीटवर मामींचा जप चालू होता.