हिमातील घाट

पावसाची झड लागली की आमच्या नातवास सायकलीची आठवण होते. गेल्या आषाढात त्याने पहाटे घाट चढून जाण्याचा बेत जाहीर केला, तोही अंगातल्या एका सदऱ्यानिशी! आजीने अर्थातच हरकत घेतली. "भिजायला भ्यायचे, तर सायकल चालवायचीच कशाला?" हे त्यावर त्याचे उत्तर. निवाडा आमच्याकडे आला. उपदेशाने कोणी शहाणे होत नाही, हे मास्तरकीत आम्ही शिकलो आहोत. म्हणून आम्ही सर्व मंडळींस एकत्र बसविले आणि एका जुन्या शर्यतीचे चित्रण दाखविले. तीच हकीकत येथे सादर करतो.

इटली देशात दर वर्षी 'जिरो दितालिया' नावाची धंदेवाईक सायकलस्वारांची शर्यत भरते. ती सुमारे तीन आठवडे चालते. रोज एक टप्पा. सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजयी. आघाडीवर असणाऱ्यास गुलाबी सदरा मिळतो. दि. ५ जून १९८८ रोजीचा चौदावा टप्पा बोर्मियो गावी संपावयाचा होता. अंतर १२० किलोमीटर. पण वाटेत आल्प्समधील गाविया घाट होता. त्याची उंची २,६०० मीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपटीपेक्षाही जास्त!

त्या दिवशी खाली पाऊस आणि वर हिमवर्षाव अशी स्थिती होती. तरीही संचालकांनी टप्पा चालू ठेवला. घाटाचा रस्ता त्या काळी बराचसा कच्चा. त्याचा चिखल झाला होता. अँडी हॅम्पस्टन या अमेरिकन स्वाराच्या चमूने मात्र सकाळीच दुकानांतून ऊबदार कपडे आणि जाड हातमोजे खरेदी केले, व माथ्यानजीक गरम पेयाची सोय करून ठेविली.

माथ्यावर प्रथम पोहोचला तो हॉलंडचा योहान व्हान डेर वेल्डे, आखूड बाह्यांच्या सदऱ्यात, भर हिमात! आमच्या घरातील तरुण मंडळींनी टाळ्या पिटल्या. नातू विजयी मुद्रेने आजीकडे पाहू लागला.

परंतु खरी परीक्षा पुढेच होती. चढताना श्रमाने शरीर तापते, म्हणून थंडी फारशी जाणवत नाही. उतरताना पाय स्वस्थ राहतात, वेग वाढतो आणि ओल्या अंगावर बर्फाळ वारा आदळतो. बोटे बधिर झाली की ब्रेकही दाबता येत नाही. असा तो उतार सुमारे २५ किलोमीटरांचा! थोड्याच अंतरावर व्हान डेर वेल्डे यास थांबणे भाग पडले. ऊब घेऊन तो पुन्हा निघाला आणि बोर्मियोस पोहोचला तेव्हा पाऊण तासाने मागे पडला होता. हॅम्पस्टनही गारठला; पण थांबला नाही. एरिक ब्रॉइकिंक याने त्यास उतारावर गाठून टप्पा ७ सेकंदांनी जिंकला. गुलाबी सदरा मात्र हॅम्पस्टनच्या अंगावर चढला. पुढे १२ जून रोजी शर्यतही त्यानेच जिंकली. हा मान मिळविणारा तो पहिला अमेरिकन होय.

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. इतक्यात आमच्या सूनबाई म्हणाल्या, "पण मामंजी, त्यांना अशा हवेत जाऊ दिले कोणी?" प्रश्न रास्त होता. जो पोटासाठी सायकल चालवितो, त्यास 'नाही' म्हणण्याची मोकळीक कितीशी असणार? सन २०१३ मध्ये याच शर्यतीचा गावियावरून जाणारा टप्पा हिमामुळे रद्द करण्यात आला. आणि २०१६ पासून अतिविषम हवामानात काय करावे, याविषयी जागतिक सायकल संघटनेचे नियम अमलात आले. सूनबाईंचा प्रश्न समजावयास जगास पंचवीस वर्षे लागली, असेच म्हणावयाचे!

आमच्या मते धैर्य व पूर्वतयारी या सख्ख्या बहिणी आहेत. एकीस घरी ठेवून दुसरीस बाहेर नेणारा मनुष्य शूर दिसतो, परंतु फार दूर जात नाही. आणि मुलांस बाहेर पाठविणाऱ्या वडील मंडळींवर तर त्याहूनही मोठी जबाबदारी असते.

दुसऱ्या दिवशी नातू निघाला, तेव्हा पिशवीत कोरडे लोकरी कपडे होते. आजीने चहाचा थर्मासही दिला होता. पाऊस फार वाढला म्हणून तो अर्ध्या वाटेतून परतला. "हरलास वाटतं?" असे घरात कोणीही विचारले नाही.