मुंबईच्या बाजारातील कॉफीचा दाणा

महाराष्ट्र हा मुख्यतः चहा पिणाऱ्यांचा प्रदेश होय. आपल्या घरांत कॉफीला स्थान मिळाले ते हळदीकुंकू, लग्नघरचे जागरण किंवा उपवासाचा दिवस अशा निमित्तांपुरते, आणि तेही भरपूर दूध, साखर व जायफळ यांच्या संगतीने. जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला ‘बुंद’ असा शब्द होता. तो अरबी ‘बुन्न’ या शब्दावरून आला. शब्द मागे पडला आणि दाणाही नजरेआड झाला. कॉफी म्हणजे डबीतील पूड असेच समीकरण बनले. गेल्या काही वर्षांत मात्र मुंबईत दाणा पुन्हा दिसू लागला आहे. खार, वांद्रे, महालक्ष्मी यांसारख्या भागांत कॉफी स्वतः भाजून विकणारी दुकाने निघाली असून, त्यांच्या पाकिटांवर मळ्याचे नाव, त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, फळावर केलेली प्रक्रिया आणि भाजल्याची तारीख छापलेली असते.

या दुकानांतील भाव पाहता हा सारा धनिकांचा शौक आहे, असे कोणासही वाटेल. ते काही अंशी खरेही आहे. तथापि एका शेतमालाची ओळख बाजारात कशी हरवली व ती परत कशी आली, हे समजून घ्यावयाचे असेल तर या दुकानांकडे थोडे लक्षपूर्वक पाहिले पाहिजे.

माटुंग्याची पेढी

दाणे समोर भाजून देण्याची रीत मुंबईला नवी नाही. माटुंगा, चेंबूर या भागांत स्थायिक झालेल्या दाक्षिणात्य कुटुंबांनी ती आपल्याबरोबर आणली. माटुंग्यातील ‘म्हैसूर कन्सर्न्स’सारख्या दुकानांजवळून जाताना भाजल्या कॉफीचा वास रस्त्यावरच येतो. येथील गिऱ्हाईक पाकीट मागत नाही; ते प्रमाण सांगते. ‘प्लँटेशन ए’ इतके, ‘पीबेरी’ इतके, चिकोरी इतकी, आणि दळण फिल्टरचे. ‘प्लँटेशन’ म्हणजे पाण्याने धुऊन तयार केलेली अरेबिका आणि ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली कॉफी. कॉफीच्या फळात एरवी दोन चपट्या बिया असतात. एकच बी वाढली तर ती गोल होते; तिला ‘पीबेरी’ म्हणतात. कित्येक घरांत हे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या बदललेले नाही.

मात्र या चोखंदळ गिऱ्हाइकालाही एक गोष्ट ठाऊक नसे: आपली कॉफी कोणाच्या मळ्यातून आली. ती दुकानदारालाही सांगता आली नसती. त्याचे कारण कायद्यात होते.

एकत्र साठा आणि त्याचा शेवट

जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळल्यावर १९३५ मध्ये कॉफी उपकर समिती नेमण्यात आली. देशात कॉफीचा खप वाढावा यासाठी १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेट येथे पहिले ‘इंडिया कॉफी हाऊस’ उघडले. पुढे युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली आणि १९४२ च्या कॉफी अधिनियमाने विक्रीची सर्व व्यवस्था कॉफी मंडळाकडे आली. उत्पादकाने घरच्या वापरापुरती व बियाण्यापुरती कॉफी ठेवून बाकी सर्व मंडळाच्या एकत्रित साठ्यात जमा करावी, मंडळाने प्रतवारी करून ती लिलावाने विकावी आणि उत्पादकाला हप्त्याहप्त्याने रक्कम द्यावी, अशी ही पद्धती होती. संकटाच्या काळात तिने लहान उत्पादकाला आधार दिला, हे नाकारता येणार नाही. परंतु साठ्यात पडलेल्या कॉफीला प्रत होती, नाव नव्हते. झाडावरची लाल, पक्व फळे तेवढी निवडून तोडणारा आणि कच्चीपक्की एकदम ओरबाडणारा, हे दोघेही प्रतवारीच्या त्याच रकान्यात जात. जादा श्रमांचा जादा मोबदला मिळण्याची शक्यता फार थोडी होती.

१९९२ पासून उत्पादकांना मालाचा काही हिस्सा खुल्या बाजारात विकण्याची मुभा टप्प्याटप्प्याने मिळत गेली आणि १९९६ मध्ये एकत्रित साठ्याची सक्ती पूर्णपणे संपली. मळेवाला आपली कॉफी आपल्या नावाने विकू शकेल, हे तेव्हापासून शक्य झाले. पण मोकळीक मिळताच संकटही आले. आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील निर्यात-कोट्याची व्यवस्था १९८९ मध्ये कोसळली होती. २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत जगभर भाव इतके उतरले की, अनेक लहान उत्पादकांना मशागतीचा खर्चही सुटेना. केवळ जागतिक भावावर विसंबून राहिल्यास काय होते, हे तेव्हा मळेवाल्यांना कळून चुकले आणि चांगल्या दाण्याला स्वतंत्र गिऱ्हाईक शोधण्याच्या खटपटीस जोर आला. दिल्लीत २०१३ मध्ये ‘ब्लू टोकाई’, मुंबईत खारजवळच्या चुईम गावठाणात २०१७ मध्ये ‘कोइनोनिया’ आणि वांद्र्यात २०२० मध्ये ‘सबको’ ही दुकाने निघाली, ती या पार्श्वभूमीवर.

भट्टीत काय घडते

कच्चा दाणा हिरवट-करडा, कठीण आणि जवळजवळ वासहीन असतो. त्यात १० ते १२ टक्के ओलावा असतो. फिरत्या पिंपात तो तापू लागला की प्रथम पिवळा पडतो व भाजत्या पावासारखा वास येतो. मग तांबूस होतो. सुमारे १९५ ते २०५ अंश सेल्सिअस तापमानाला आतील वाफेच्या दाबाने दाणा फुटतो आणि लाह्या फुटाव्यात तसा आवाज येतो. यास पहिला तडका म्हणू. येथून पुढचे प्रत्येक अर्धे मिनिट महत्त्वाचे. लवकर थांबावे तर दाण्याचा मूळचा आंबटगोड गुण राहतो. पुढे जावे तर कडवटपणा व घट्टपणा वाढतो, दुसरा तडका होतो आणि पृष्ठभागावर तेल येते. एक किलो कच्च्या दाण्याचे भाजून साधारणपणे ८०० ते ८८० ग्रॅम उरतात. ही घट पाकिटाच्या भावात धरलेली असते, हे ग्राहकाने ध्यानात घ्यावे.

फार काळी भाजलेली कॉफी सगळ्या मळ्यांची सारखीच लागते आणि तिच्यात दाण्याचे दोषही झाकले जातात. म्हणूनच मळ्याचे नाव सांगून विकणारा दुकानदार सहसा फिकी किंवा मध्यम भाजणी पसंत करतो. माटुंग्याच्या परंपरेत दूध व चिकोरी यांतून उठून दिसेल असा दाणा लागतो, म्हणून तेथील भाजणी गडद. यांत उच्च-नीच काही नाही. पदार्थ वेगळे आहेत. फिल्टर कॉफीस हिणवणारे काही नवे रसिक आढळतात, त्यांनी एकदा सकाळी माटुंग्यास जाऊन यावे.

भाजल्यानंतर काही दिवस दाण्यातून कर्बद्विप्राणिद वायू निघत राहतो, म्हणून पाकिटाला एकाच बाजूने उघडणारी झडप बसवलेली असते. दळलेल्या पुडीचा सुवास फार लवकर उडतो. तेव्हा दाणे आणून लागेल तेवढे घरी दळणे हेच हिताचे.

‘विशेष’ कोणती?

उत्कृष्ट कॉफीसाठी ‘स्पेशालिटी’ ही संज्ञा अमेरिकेतील व्यापारी एर्ना क्नुटसेन यांनी १९७४ मध्ये रूढ केली. प्रचलित संकेतानुसार प्रशिक्षित परीक्षकांनी चाखून १०० पैकी ८० वा अधिक गुण दिलेली कॉफीच या वर्गात बसते. चाखण्याची रीत शिस्तीची आहे. १५० मिलिलिटर गरम पाण्यास ८.२५ ग्रॅम भरड पूड घेतात, चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडून वास घेतात आणि मग घोट घेऊन नोंद करतात. कच्च्या दाण्यांच्या ३५० ग्रॅम नमुन्यात काळा किंवा आंबलेला असा एकही मोठा दोषी दाणा चालत नाही. भारतात हे शास्त्र शिकवण्याची सोय बंगळुरूच्या कॉफी मंडळाने केली आहे. भाजणी व पेयनिर्मितीचे ‘कापी शास्त्र’ प्रशिक्षण आणि गुणवत्ता व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका तेथे उपलब्ध आहे.

पाकिटावर ‘संत्र्याची साल, गूळ, जर्दाळू’ असे स्वाद लिहिलेले असतात. हे पदार्थ कॉफीत घातलेले नसतात. ती परीक्षकाला झालेली आठवण असते. सर्वांना ती होईलच असे नाही.

ग्राहकाच्या दृष्टीने याहून निकडीचा मजकूर चिकोरीचा आहे. चिकोरी हे भाजलेले मूळ. गुजरात व उत्तर प्रदेशात त्याची लागवड होते. त्यात कॅफीन नसते आणि ते कॉफीहून स्वस्त असते. अन्नसुरक्षा नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफीचा अंश ५१ टक्क्यांहून कमी असता कामा नये आणि दोहोंचे प्रमाण वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. ‘शुद्ध फिल्टर कॉफी’ या मोठ्या अक्षरांखाली ५३ व ४७ असे आकडे बारीक टाइपात दिसणे अशक्य नाही. शाळांतील ग्राहक मंडळांनी विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याजोगा हा साधा अभ्यास आहे.

मळ्याकडे

भारतातील कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कर्नाटकात, मुख्यतः कोडगू, चिकमगळूर व हासन जिल्ह्यांत पिकते. त्याखालोखाल केरळ व तमिळनाडू येतात. यांतील बहुसंख्य धारक लहान आहेत. सर्व मालाचा निम्म्याहून बराच मोठा भाग परदेशी जातो. त्या मानाने मुंबईतील या दुकानांची खरेदी अल्प आहे, आणि प्रत्येक लहान उत्पादकाला तिचा लाभ पोहोचतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पक्व फळे निवडून तोडायची तर मजूर एकाच झाडाकडे अनेक वेळा जावे लागतात. उंच मांडवांवर वाळवायचे तर भांडवल लागते. मोठ्या मळेवाल्यास हे जमते. दोन एकरवाल्यास संघटनेवाचून जमत नाही.

आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यात ते जमले. तेथील आदिवासी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या कॉफीचे दुकान २०१७ मध्ये पॅरिस येथे आणि २०२१ मध्ये बंगळुरूत उघडले. अराकू, कूर्ग, चिकमगळूर व बाबाबुडनगिरी येथील अरेबिका आणि वायनाडची रोबस्टा यांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. बाबाबुडनगिरीच्याच डोंगरात सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनहून आणलेले सात दाणे रुजवले, अशी आख्यायिका आहे.

महाराष्ट्रात कॉफी होते ती अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला, सातपुड्याच्या सुमारे ११०० मीटर उंचीवर. ब्रिटिश अमदानीत लावलेली ही झाडे सावलीच्या वृक्षांखाली आजही फळतात. उत्पादन थोडे असल्याने मोठ्या व्यापाऱ्यास त्यात रस नसतो. मळ्याच्या नावाने थोडा थोडा माल घेणाऱ्या भट्टीवाल्याला मात्र हा थोडेपणा अडचणीचा वाटत नाही. असा व्यवहार करू इच्छिणाऱ्या ग्रामपंचायतीने किंवा बचत गटाने आरंभी दोनच गोष्टी कराव्यात: फळे पूर्ण लाल झाल्यावरच तोडावीत आणि ती जमिनीवर न पसरता जाळीच्या मांडवावर वाळवावीत. त्यानंतर नमुना परीक्षणासाठी पाठवता येईल.