कमी ताकदीचं पिस्तूल

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातलं हिंगणी हे गाव बोर धरणाच्या आणि बोरच्या जंगलाच्या वाटेवर आहे. बोरला 1970 साली अभयारण्याचा आणि 2014 साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुमारे 138 चौरस किलोमीटरच्या या जंगलाच्या कडेला पराटीची, तुरीची, सोयाबीनची वावरं आहेत, आणि धुरा ओलांडून रात्री कोण येईल याचा नेम नसतो. विदर्भातल्या अशा जंगलकाठच्या गावांत छर्‍याची बंदूक किंवा छर्‍याचं पिस्तूल ही एका अख्ख्या पिढीची लाडकी आठवण आहे. परवाना लागत नसे, दारू लागत नसे, आवाज फारसा होत नसे, आणि छर्‍यांची डबी खिशाला परवडत असे. आज पन्नाशी-साठीत असलेली माणसं त्या पिस्तुलाबद्दल बोलायला लागली की त्यांचा चेहरा उजळतो. ही ओढ खरी आहे आणि तिची टिंगल करण्याचं कारण नाही. पण ती नेमकी कशाची ओढ आहे, हे तपासलं पाहिजे. माझं म्हणणं असं की त्या स्वस्त पिस्तुलाचं सगळं मोल त्याच्या दुबळेपणात होतं. माणसाला नेम शिकवायला तो दुबळेपणा फार उपयोगी पडला. वावराची राखण करायला आणि पाखरं मारायला मात्र तोच अत्यंत वाईट ठरला. आठवण जपायची असेल तर हा फरक लक्षात ठेवूनच जपावी लागेल.

आधी यंत्राकडे पाहू, कारण यंत्र समजल्याशिवाय पुढचा मुद्दा पटणार नाही. स्प्रिंगच्या हवाई पिस्तुलात दारू नसते आणि साठवलेली हवाही नसते. हाताच्या जोराने एक मजबूत स्प्रिंग दाबून अडकवायची. चाप ओढला की ती सुटते, पिस्टनला ढकलते, पिस्टनपुढची हवा एकदम आवळली जाते आणि तीच छर्‍याला नळीबाहेर फेकते. सायकलच्या पंपात हवा दाबली जाते तशीच, फक्त सेकंदाच्या काही हजाराव्या भागात. पिस्टनच्या तोंडाशी चामड्याचा वॉशर असतो. तो वाळला की हवा निसटते आणि छर्रा जेमतेम समोर जाऊन पडतो. त्याला तेलाचे एक-दोन थेंब दिले की जीव परत येतो. तेल जास्त झालं तर दाबाच्या उष्णतेने ते पेट घेतं, नळीतून धूर येतो आणि नेहमीपेक्षा मोठा आवाज होतो. जुन्या पिस्तुलांचे मालक वॉशर, तेल आणि स्प्रिंग यांवर तासन् तास बोलू शकतात त्याचं कारण हेच. हे यंत्र उघडून पाहता येत होतं, बिघाड डोळ्यांना दिसत होता आणि तो घरच्या घरी निस्तरता येत होता.

या साध्या तत्त्वावर दोन अगदी वेगळ्या स्वभावांची पिस्तुलं बनली. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीने 1924 साली आपलं पहिलं हवाई पिस्तूल आणलं. त्यात नळी सिलिंडरच्या वर बसवलेली होती. नळीचं मागचं टोक उचलून पुढे उलटवलं की स्प्रिंग चढायची, आणि चाप ओढल्यावर पिस्टन पुढे न जाता नेमबाजाच्या दिशेने मागे यायचा; हवा मागून वळून वरच्या नळीत शिरायची. एवढ्या युक्तीने लांब सिलिंडर आणि लांब नळी छोट्या मापात बसली. तो पोलादाचा, काळजीने घडवलेला माल होता. दुसऱ्या टोकाला इंग्लंडमधल्याच हॅरिंग्टन कंपनीचं ‘गॅट’ होतं, आणि जर्मनीतल्या रास्टाटच्या डायना कारखान्याचं त्याच जातीचं लहान पिस्तूल. त्यांत नळीच आत ढकलून स्प्रिंग चढवायची. चाप ओढला की पिस्टनबरोबर नळीसुद्धा पुढे उसळायची. छर्रा अजून नळीतच असताना नळीचं तोंड जागेवरून हललेलं असायचं. अशा यंत्राकडून अचूकपणाची अपेक्षा करणं अवघडच. तरीही कितीतरी मुलांचं पहिलं पिस्तूल हेच होतं, कारण ते स्वस्त होतं.

आता आकडे पाहू. 4.5 मिलिमीटरच्या शिशाच्या छर्‍याचं वजन साधारण अर्धा ग्रॅम असतं. नळी उसळणारं स्वस्त पिस्तूल त्याला सेकंदाला साठ-सत्तर मीटर वेग देतं, चांगलं स्प्रिंग-पिस्तूल शंभर-सव्वाशे. म्हणजे ऊर्जा एक ते जवळपास चार ज्यूल. शंभर ग्रॅमची वस्तू एक मीटर उचलायला जेवढी लागते तेवढी ऊर्जा म्हणजे एक ज्यूल. सत्तर मीटरच्या वेगाने निघालेल्या छर्‍याला दहा मीटरवर पोहोचायला सेकंदाचा सातवा भाग लागतो आणि तेवढ्यात तो दहा सेंटिमीटर खाली येतो. .22 रायफलची गोळी याच अंतरात अर्धा सेंटिमीटरही उतरत नाही. हिशेब कोरडा वाटेल, पण धडा यातच आहे. बलवान शस्त्र नेमबाजाच्या चुका झाकतं. दुबळं पिस्तूल एकही चूक माफ करत नाही. छर्रा नळीतून रेंगाळत बाहेर पडतो, म्हणून चाप ओढल्यानंतरही हात तसाच स्थिर ठेवावा लागतो. नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच एका रेषेत धरून ठेवावी लागते, आणि छर्रा कुठे लागला हे बघायला मान उचलण्याचा मोह आवरावा लागतो. नेमबाजीचे प्रशिक्षक नवशिक्याला वर्षभर जे सांगतात ते या स्वस्त यंत्राने न बोलता शिकवलं. लोकांना आठवतो तो आनंद माझ्या मते याच शिस्तीचा आहे.

आपल्याकडेही या यंत्राचा स्वतःचा इतिहास आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. वालचंद हिराचंद यांनी 1926 साली उभी केलेली इंडियन ह्यूम पाइप कंपनी देशाला पाण्याचे काँक्रीटचे नळ पुरवण्यासाठी ओळखली जाते. याच कंपनीने ‘आयएचपी’ या नावाने हवाई रायफली आणि छर्रेही बनवले. दुसराच धंदा करणारी कंपनी बंदुकांकडे वळणं नवं नव्हतं: अमेरिकेतली डेझी कंपनी मुळात पवनचक्क्या बनवायची. 1880च्या दशकाच्या अखेरीस ती हवाई बंदुकांकडे वळली आणि पुढे तिचं नावच बंदुकीवरून पडलं. नळी, स्प्रिंग आणि ओतीव धातू हाताळता येणाऱ्या कारखान्याला हे यंत्र बनवणं अवघड नव्हतं, म्हणूनच ते स्वस्त राहिलं आणि तालुक्याच्या दुकानांपर्यंत पोहोचलं. ज्याला ते विकत घेता आलं नाही त्याला जत्रेतला फुगे फोडायचा स्टॉल होता. लाकडी फळीवर ओळीने लावलेले फुगे आणि माशी जरा वाकडी असलेली बंदूक. महाराष्ट्रातल्या लाखो माणसांनी आयुष्यात धरलेली एकमेव बंदूक हीच असेल.

पहिला आक्षेप इथेच येतो. एवढं दुबळं आहे तर त्याची चिंता कशाला? कायदाही तसंच म्हणतो, कारण 2016च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटर व्यासाच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही याचा अर्थ इजा होत नाही असा नव्हे. माणसाचा डोळा निकामी करायला दोन-तीन ज्यूल पुरतात, आणि दगडावर आपटून उलटलेला छर्रा कुणाच्या डोळ्याकडे जाईल हे चाप ओढणाऱ्याच्या हातात नसतं. पाखरांचं तर याहून वाईट होतं. जोरदार शस्त्राने पाखरू जागीच मरतं. कमी ताकदीच्या छर्‍याने ते जखमी होऊन उडतं आणि कुठल्यातरी झुडपात दोन दिवसांनी मरतं. नेमबाजाच्या दृष्टीने जो दुबळेपणा गुण आहे, तोच पाखराच्या बाबतीत निव्वळ क्रौर्य होतो. वन्यजीव संरक्षण कायद्याने 1972 पासून शिकारीच्या व्याख्येत नुसता प्रयत्न आणि जखमी करणंही धरलं आहे, हे म्हणूनच योग्य वाटतं.

हिंगणीसारख्या गावातला शेतकरी यावर विचारेल की मग पिकाचं काय? हा प्रश्न हलका नाही. रात्र रात्र जागलीला जाऊनही सकाळी अर्धं वावर रानडुकरांनी उकरलेलं किंवा रोह्यांनी चरलेलं दिसतं, तेव्हा घरात असेल ते शस्त्र उचलावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण इथेही हिशेब पाहावा लागतो. साठ-सत्तर किलोच्या रानडुकराच्या जाड चामड्यावर तीन ज्यूलचा छर्रा काहीच करत नाही. फार तर ते बिथरतं, आणि अंधारात बिथरलेलं डुक्कर माणसाच्या अंगावर येऊ शकतं. पाखरांसाठी गोफण कितीतरी बरी. तिचा फटका आवाजाचा असतो, थवा उठतो आणि कुणाला इजा होत नाही. ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्या पिकाइतकेच नाकतोडेही खातात, हेही विसरू नये. मोठ्या जनावरांसाठी सौर कुंपणाला अनुदान आहे, नुकसानभरपाईची तरतूद आहे. दोन्ही वेळेवर आणि पुरेशी मिळत नाहीत ही तक्रार रास्त आहे आणि ती वनखात्यापुढे जोराने मांडायलाच हवी. पण छर्‍याचं पिस्तूल त्या तक्रारीवरचा उपाय नाही. कुंपणात थेट वीज सोडणं तर त्याहून कितीतरी भयंकर: 2017 साली बोरमध्ये सोडलेली एक वाघीण वर्धा जिल्ह्यातच अशा कुंपणाला लागून मेली. अशी वीज माणसाचाही जीव घेते.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे, आणि तो सलीम अलींच्या नावाने येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या खेतवाडीत वाढणाऱ्या या मुलाने खेळण्यातल्या हवाई बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी कोणता, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथले सचिव मिलार्ड यांनी त्याच्यापुढे पक्ष्यांच्या नमुन्यांचं भांडार उघडलं. भारतीय पक्षिशास्त्राची एक थोर कारकीर्द तिथून सुरू झाली, आणि सलीम अलींनी आपल्या आत्मचरित्राचं नावही त्या चिमणीवरून ठेवलं. मग बंदूक नसती तर सलीम अली झाले असते का, असं विचारलं जातं. ही गोष्ट नीट वाचली तर उत्तर तिच्यातच आहे. त्या काळात हवाई बंदुकीने चिमण्या पाडणारी मुलं असंख्य होती. वेगळा ठरला तो पाडलेल्या पाखराकडे बघून प्रश्न विचारणारा मुलगा, आणि त्या प्रश्नाला कपाटं उघडून उत्तर देणारा मोठा माणूस. पक्षी हातात घेतल्याशिवाय तो ओळखता येत नाही ही त्या काळाची अडचण होती. चांगल्या दुर्बिणी आणि मराठीतली सचित्र पुस्तकं हाताशी असताना ती अडचण उरलेली नाही. बोरच्या काठावरच्या मुलाला आज मिलार्डसारखा माणूस हवा आहे, छर्रा नव्हे.

लोक या बंदुका स्वेच्छेने सोडतील का, अशी शंकाही घेतली जाते. अरुणाचल प्रदेशात 2021 साली हवाई बंदुका जमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि 2000हून जास्त बंदुका गावकऱ्यांनी आपणहून दिल्या, त्याही शिकारीची जुनी परंपरा असलेल्या समाजांतून. त्यामुळे हे अशक्य आहे असं म्हणता येणार नाही. तरी मला त्या मोहिमेत एक उणीव वाटते. बंदूक काढून घेतली, पण नेम धरण्याच्या आनंदाला दुसरी जागा दिल्याशिवाय ती पोकळी तशीच राहते. हिंगणीत काही करायचं तर ही जागा आधी द्यावी.

आणि ती जागा द्यायला फार काही लागत नाही. दहा मीटर हवाई पिस्तुलाचा प्रकार 1988च्या सोल ऑलिंपिकपासून आहे आणि त्याला लागणारं अंतर शाळेच्या कोणत्याही लांबट खोलीत बसतं. लक्ष्याचं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, पिस्तूल जास्तीत जास्त दीड किलोचं, एका हाताने साठ गोळ्या, वेळ सव्वा तास. पॅरिसमध्ये 2024 साली मनू भाकरने याच प्रकारात कांस्य मिळवलं. महाराष्ट्रात नेमबाजीची परंपरा मोठी आहे: 2000च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंजली भागवत दहा मीटर हवाई रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 साली कैरोत याच प्रकारात विश्वविजेता झाला. विदर्भातल्या खेड्यांत मात्र ही परंपरा पोहोचलेली नाही. त्यावर म्हटलं जाईल की स्पर्धेचं पिस्तूल लाखाच्या घरात जातं, जुन्या स्वस्त पिस्तुलाने कुणी पदक जिंकत नाही. बरोबर आहे, पण पदक पुढची गोष्ट झाली. पहिलं वर्ष उभं राहण्याचं, श्वासाचं, माशीकडे बघण्याचं असतं, आणि त्यासाठी दोन-तीन ज्यूलचं दुरुस्त केलेलं जुनं पिस्तूल पुरतं. त्याला नवा वॉशर हवा, समोर कागदी लक्ष्य, लक्ष्यामागे छर्रे अडवणारी तिरपी पोलादी पत्र्याची पेटी, आणि बघणाऱ्यांसह प्रत्येकाच्या डोळ्यांवर जाड चष्मा. शिशाचे छर्रे हाताळल्यावर हात धुण्याचा नियम, सराव संपल्यावर पिस्तूल कुलपात, आणि देखरेखीला एक जाणता माणूस. घराघरांतल्या पेट्यांत आणि माळ्यांवर गंजत पडलेली जुनी पिस्तुलं अशा खोलीत आणली, तर वॉशर बदलणारे हात गावात आजही सापडतील.