तिसरे शील आणि कलम ३७७

१९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर मुंबईत अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांच्या खासगी शंकांची उत्तरे त्यांनी मासिकात छापली होती, एवढेच निमित्त. त्या शंकांत हस्तमैथुन होते, तसे समलिंगी संबंधही होते. कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक प्रश्नांना वाहिलेल्या मासिकात लैंगिक प्रश्न येणारच, असा त्यांचा सरळ युक्तिवाद होता. समलिंगी आकर्षणाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी लैंगिकतेचा अभ्यासक हॅवलॉक एलिसच्या लेखनाचा आधार घेतला. ज्याची ओढच तशी आहे त्याला आपल्या वाटेने सुख मिळवण्याचा हक्क आहे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हातचा गेला आणि कर्व्यांना दंड झाला.

ही हकिकत आपल्याकडे नेहमी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या खात्यावर जमा होते. तिच्याशेजारी आंबेडकरांच्या आयुष्यातल्या पुढच्या तीन तारखा ठेवल्या की तिचे वजन वाढते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ‘संविधानिक नैतिकते’वरचे भाषण झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. समलिंगींच्या बाजूने न्यायालयात बोललेला माणूसच पुढे लाखोंना पंचशील देतो. मग त्या पंचशीलात समलिंगी माणसाला जागा आहे की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक विहाराचा आहे. तो फक्त परदेशी अभ्यासकांवर सोडून चालणार नाही.

भिक्खूचा नियम, गृहस्थाचे शील

या विषयावर दोन टोकांची विधाने कानी पडतात. बौद्ध धम्म समलिंगींना पूर्वीपासून स्वीकारत आला, हे एक. धम्माने त्यांना निषिद्ध ठरवले, हे दुसरे. पाली साहित्य यांपैकी कोणालाच धड साथ देत नाही.

विनयपिटकातली, म्हणजे संघाच्या नियमग्रंथातली, पहिली पाराजिका भिक्खूला मैथुन वर्ज्य करते. मूळ प्रसंग सुदिन्न नावाच्या भिक्खूचा. वंश चालावा म्हणून त्याने आपल्या पूर्वीच्या पत्नीशी संबंध ठेवला. नियम पुढे तपशिलाने वाढला आणि त्यात स्त्री, पुरुष, पशू सगळे आले. दोषही सगळीकडे सारखाच. म्हणजे भिक्खूच्या बाबतीत भंग होतो तो ब्रह्मचर्याचा. जोडीदार कोण, हा प्रश्न तिथे दुय्यम आहे.

याच विनयात ‘पंडक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, लैंगिकदृष्ट्या वेगळ्या मानलेल्या व्यक्तींना उपसंपदा, म्हणजे संघाची पूर्ण दीक्षा, नाकारली आहे. ही नोंद झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या काळच्या समाजाचा संशय संघाच्या दारातून आत आलेला तिथे दिसतो. पण त्याच ग्रंथात आणखी एक प्रसंग आहे. एका भिक्खूच्या शरीरात स्त्रीची लक्षणे प्रकट होतात आणि बाब बुद्धांपर्यंत जाते. निर्णय असा होतो, की त्या व्यक्तीने भिक्खुणींमध्ये जाऊन राहावे. उपाध्याय तोच, आधीची उपसंपदा कायम आणि ज्येष्ठतेची वर्षेही जशीच्या तशी. उलट दिशेने बदल झालेल्या भिक्खुणीलाही हाच न्याय. नाव आणि लिंग बदलल्यावर जुन्या प्रमाणपत्रांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवणाऱ्या आजच्या तृतीयपंथी व्यक्तीला हा निर्णय आपल्या सरकारपेक्षा पुढचा वाटेल.

गृहस्थांसाठी मात्र तिसरे शील आहे: कामवासनेपायी गैरवर्तन करणार नाही. गैरवर्तन कोणते, ते मज्झिम निकायातल्या सालेय्यक सुत्तात सांगितले आहे. आईवडील, भाऊबहीण किंवा नातलगांच्या संरक्षणात असलेल्या, विवाहित किंवा वाग्दत्त स्त्रीशी संबंध ठेवणे. यादी अर्थातच पुरुषाला समोर ठेवून केलेली आहे. तिच्यात समलिंगी संबंधांचा उल्लेख नाही. पुढे भारतातल्या आणि तिबेटातल्या आचार्यांनी निषिद्ध अवयव, स्थळ आणि वेळ यांची भर घातली. दलाई लामांनी १९९७ साली सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी कार्यकर्त्यांशी चर्चा केली, तेव्हा अडचण याच परंपरेची होती. ते निषेध स्त्री-पुरुष जोडप्यांनाही लागू आहेत, हे त्या वादात बहुतेकांच्या लक्षात राहिले नाही. २०१४ मध्ये अमेरिकी मुलाखतकार लॅरी किंग यांना दिलेल्या मुलाखतीत दलाई लामांनी वेगळी मांडणी केली. धर्म पाळणाऱ्याने आपल्या परंपरेचे नियम पाहावेत. ज्याचा धर्माशी संबंध नाही, त्याचे संमतीचे नाते ही त्याची खासगी बाब आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

राहुलला दिलेली कसोटी

नियमांची यादी संपते तिथे रोजच्या जगण्यात काय धरायचे? त्यासाठी राहुलोवाद सुत्त आहे. बुद्ध आपल्या मुलाला विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल म्हणतो. तसेच प्रत्येक कृतीकडे करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे. तिने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना इजा होते का, हे तपासावे, असा उपदेश येतो. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्खूंना आणि उपासकांना जे धम्मग्रंथ वारंवार ऐकायला सांगितले, त्यांत राहुलला केलेला असत्याविषयीचा हा उपदेश आहे.

ही कसोटी घरात लावून पाहावी. दोन प्रौढ पुरुष एकमेकांच्या संमतीने, कुणाला न फसवता एकत्र राहतात. इजा कुणाला? आता दुसरे घर पाहू. मुलाने आईबाबांना सगळे सांगितले आहे, तरी ‘लग्न झाले की सुधारेल’ म्हणून त्याच्यासाठी स्थळ शोधले जाते. ज्या मुलीला काहीच माहीत नाही, तिच्या आयुष्याचे काय? इथे मृषावाद, म्हणजे असत्य, आहे, इजा आहे आणि तिसऱ्या शीलाचा भंगही आहे. फक्त तो त्या मुलावर आलेला नाही. मांडव घालणाऱ्यांनी तो ओढवून घेतला आहे.

कसोटी समलिंगी माणसालाही सूट देत नाही. फसवणूक, जबरदस्ती, जोडीदाराला आजाराविषयी अंधारात ठेवणे हे त्याच्याही बाबतीत गैरवर्तनच. समानता हवी तर शीलही सर्वांना समान.

थायलंडच्या लोकमानसात एक समजूत रुजलेली आहे, की मागच्या जन्मी व्यभिचार केला म्हणून या जन्मी ‘कथोई’, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत तृतीयपंथी, व्हावे लागते. या समजुतीत कणव आहे, पण सन्मान नाही. आंबेडकरांच्या अनुयायांना हा आडोसा घेताच येत नाही. पूर्वजन्मीच्या कर्मामुळे माणूस खालच्या जातीत जन्मतो, हा सिद्धांत ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये त्यांनी ठामपणे नाकारला. जे जातीबाबत नाकारले, ते लैंगिकतेबाबत मागच्या दाराने आत घेता येणार नाही.

ताओयुआनमधले लग्न

११ ऑगस्ट २०१२ रोजी तैवानमधल्या ताओयुआन इथल्या एका बौद्ध विद्यालयात दोन स्त्रियांचे लग्न लागले. दोघी पांढऱ्या पोशाखात होत्या. अंगठ्यांऐवजी त्यांनी एकमेकींना जपमाळा दिल्या. विधी करवणाऱ्या भिक्खुणी शिह चाओ-ह्वै या आचार्य यिन शुन यांच्या शिष्या. २००१ साली एका परिषदेत त्यांनी भिक्खुणींना भिक्खूंच्या खाली ठेवणारे आठ ‘गुरुधम्म’ जाहीरपणे फाडले होते. स्त्रीच्या दुय्यमपणाला धम्माचा आधार नाही म्हणणारी भिक्खुणी समलिंगींच्या दुय्यमपणाविरुद्धही उभी राहते, यात नवल नाही.

लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. ती मिळवण्याची लढाई फार आधी सुरू झाली होती. ची च्या-वै या कार्यकर्त्याने १९८६ पासून ती लावून धरली होती. २४ मे २०१७ रोजी तिथल्या घटनापीठाने समलिंगींना विवाहापासून वंचित ठेवणे घटनाविरोधी ठरवले आणि दोन वर्षांची मुदत दिली. नोव्हेंबर २०१८ च्या सार्वमतात बहुमत मात्र विरोधात गेले. शेवटी सरकारने नागरी संहितेला हात न लावता स्वतंत्र कायदा केला आणि २४ मे २०१९ पासून नोंदणी सुरू झाली. आशियातला हा पहिलाच विवाहसमता कायदा. म्हणजे मठातल्या आशीर्वादाने हक्क मिळाला नाही. तो न्यायालयाने आणि संसदेने दिला. पण धर्म आडवा आहे, ही सबब त्या लग्नाने आधीच खोडून काढली होती.

गोऱ्या साहेबाचे कलम

बौद्धबहुल देश एका रांगेत ठेवले तर धम्मापेक्षा राजकारणाचाच फरक जास्त जाणवतो. श्रीलंकेच्या राज्यघटनेने बौद्ध धम्माला अग्रस्थान दिले आहे. त्याच देशाच्या दंडसंहितेत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे, ब्रिटिशांनी १८८३ साली घातलेले कलम ३६५ आणि पुढचे ३६५ अ आहे. १९९५ च्या दुरुस्तीने ते सौम्य व्हायच्या ऐवजी स्त्रियांनाही लागू झाले. मे २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे गुन्हे रद्द करणारे विधेयक घटनेशी विसंगत नसल्याचे सांगितले. भूतानने मात्र असे कलम डिसेंबर २०२० मध्ये संसदेत काढून टाकले. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर झाला. धम्म तोच, कायदे निराळे. ‘आमच्या संस्कृतीत बसत नाही’ असे म्हणणारे नेते ज्या कलमाचे रक्षण करतात, ते व्हिक्टोरियन इंग्लंडच्या नीतिकल्पनेतून आलेले आहे.

भारतातले कलम ३७७ त्याच घराण्यातले, १८६० च्या दंडसंहितेतले होते. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द ठरवले. निकाल देणारे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा मूळचे सोलापूरचे. लोकांची नीती आणि संविधानाची नीती यांत फरक करताना त्यांच्या खंडपीठाने आधार घेतला तो आंबेडकरांच्या १९४८ च्या भाषणाचा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ती चूक दुरुस्त करून संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले आणि संविधानिक नैतिकतेलाच केंद्रस्थानी ठेवले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात मात्र विवाहाचा हक्क मिळाला नाही. चेंडू संसदेकडे गेला आणि अजून तिथेच आहे.

या निकालांच्या गर्दीत मद्रास उच्च न्यायालयातली २०२१ ची एक घटना वेगळी आहे. दोन तरुणी घरच्यांच्या जाचापासून संरक्षण मागायला आल्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी हा विषय आपल्याला पुरेसा कळत नाही असे मान्य केले आणि निकाल देण्याआधी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे समुपदेशनाला गेले. नंतर त्यांनी लैंगिकता ‘बदलण्याच्या’ तथाकथित उपचारांना मज्जाव केला. राहुलला सांगितलेली रीत न्यायासनावर बसलेल्या माणसाने पाळली, असे याला म्हणता येईल.

विहाराला काय करता येईल

महाराष्ट्रातल्या आंबेडकरी राजकारणाने या बाबतीत इतरांपेक्षा लवकर पावले टाकली. वंचित बहुजन आघाडीने २०१९ मध्ये तृतीयपंथी कवयित्री दिशा पिंकी शेख यांना प्रवक्तेपद दिले. २०२४ च्या विधानसभेला रावेरमधून तृतीयपंथी कार्यकर्त्या शमिभा पाटील यांना उमेदवारी दिली. मात्र पक्षाच्या व्यासपीठावर दिलेली जागा वस्तीतल्या विहारात, आणि त्याहून कठीण म्हणजे घरातल्या पंगतीत, आपोआप मिळत नाही.

बौद्ध विवाहाची नोंद आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याखाली होते. त्यात बदल करणे संसदेचे काम आहे. विधी मात्र समाजाच्या हातात आहे. आपल्या मंगल परिणयात वधू-वर ज्या प्रतिज्ञा घेतात त्यांचा गाभा सिगालोवाद सुत्तातला आहे. मान देणे, अवमान न करणे, एकनिष्ठ राहणे, घराचा कारभार विश्वासाने सोपवणे, मिळवलेले सांभाळणे. यातली एकही गोष्ट दोन स्त्रियांना किंवा दोन पुरुषांना अशक्य नाही. २०१८ नंतर अशा जोडप्याचे नाते गुन्हाही नाही, तेव्हा त्यांना बुद्धवंदना आणि आशीर्वाद देण्यात अडचण नाही. त्या लग्नाला कायद्याच्या दृष्टीने किंमत नसेल. ताओयुआनमधल्या लग्नालाही २०१२ साली नव्हती. न्यायालय आणि संसद आपापल्या गतीने चालतील. विहाराच्या समितीला एवढा ठराव करायला त्यांच्या परवानगीची गरज नाही. १९३४ साली बाबासाहेबांनी समलिंगींची बाजू घेतली, तेव्हा कायदा कर्व्यांच्या विरोधात होता आणि लोकमतही. तरी ते उभे राहिले. त्यांच्या नावाने उभ्या असलेल्या विहारांकडून याहून कमी अपेक्षा का ठेवावी?